तुआरेची पाटी

व्हॉलंटियरांचा सुपरवायझर सुजीत स्टेडियमच्या बोगद्यातून धावत आला तेव्हाच कुंदाने ओळखलं, की काहीतरी बिनसलंय.

"काकू, प्लॅन चेंज झालाय. तुमचा देश वेगळा नाही जाणार. पुढच्या टीमच्या शेपटीला चिकटून जायचं. मध्ये गॅप नको."

तुमचा देश म्हणजे तुआरे. महासागरातलं एवढंसं बेट. तिथून या खेळांना आलेली माणसं तीन. ज्युदो खेळणारी झुबेदा, तिचे कोच तहा, आणि डॉक्टर, मॅनेजर, हमाल असं सगळं एकटाच असलेला बदरुद्दीन. कुंदा त्यांची कोणी नव्हे. ती शनिवार पेठेत वाढलेली, आता आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत राहणारी, हौसेने व्हॉलंटियर झालेली बाई. खेळांच्या उद्घाटनाला तुआरेच्या नावाची पाटी धरून या तिघांच्या पुढे चालायचं, एवढंच तिचं काम.

"पण का?"

"डायरेक्टर म्हणतो, एवढं मोठं ग्राउंड आणि माणसं तीन. टीव्हीवर रिकामं दिसतं."

"तीन माणसं म्हणजे रिकामं?"

"मी नाही म्हणत, काकू. तो म्हणतो. यल्ला, चला, प्लीज, आता तुमचाच नंबर आहे."

झुबेदाने इंग्रजीत विचारलं, काय झालं. कुंदाने काही साखर न पेरता सांगून टाकलं. तहांनी मान खाली घातली.

"चालेल," ते म्हणाले. "आम्हाला सवय आहे."

"मला नाही," झुबेदा म्हणाली. हातातल्या झेंड्याची काठी तिने खाडकन जमिनीवर टेकवली. "मागच्या खेळांना असंच केलं होतं. बेटावर सगळे टीव्हीसमोर बसलेले, माझी आई, शेजारीपाजारी, सगळे. त्यांना पुढच्या टीमच्या टोप्या दिसल्या. आम्ही दिसलोच नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर आई विचारते, तू नक्की गेली होतीस ना?"

कुंदाच्या डोक्यात तिडीक गेली. तीन डोकी आहेत म्हणून दुसऱ्याच्या मागे लोटायचं, हे पुण्यात कोणी करून दाखवावं. विसर्जनाच्या मिरवणुकीत मंडळ पाच पोरांचं असो नाहीतर पाचशेंचं, त्याला त्याचा रस्ता मिळतो. पुढच्या मंडळात आणि त्याच्यात अंतर राहतं. मागच्याला घाई असेल तर मागच्याने वाट बघायची. आणि पुण्याच्या माणसाला मिरवणूक कशी काढायची ते शिकवणारा तो डायरेक्टर कोण लागून गेला?

"सुजीत, पाटीच्या पुढे कोणी जायचं नाही, हा तुमचाच रूल ना? ट्रेनिंगमध्ये तूच घोकून घेतलास आमच्याकडून."

"हो."

"आणि तुआरेची पाटी कोणाच्या हातात आहे?"

सुजीतने मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काकू, माझी नोकरी जाईल हो."

"नाही जात. सांग त्यांना, म्हातारीने ऐकलं नाही. उद्या माझा पास काढून घे."

"ते काढतीलच."

"काढू देत. खलास."

पुढची टीम बाहेर पडली. गेटवरचा माणूस कुंदाला हाताने निघा, निघा करू लागला. कुंदा हलली नाही. टीमच्या शेवटच्या माणसाच्या मागे भरपूर मोकळं मैदान पसरेपर्यंत ती थांबली. मग पाटी वर धरली आणि पाऊल टाकलं.

चाल विसर्जनाचीच. ज्याला निरोप द्यायचं मनात नाही त्याला घेऊन चालतात तशी. मागून झुबेदा, झेंडा घेऊन. तिच्यामागे दोघं, शाळेतल्या पोरांसारखे अंग चोरून चालणारे.

कुंदाच्या कानातल्या यंत्रात सुजीतचा आवाज आला, आधी इंग्रजीत. मग डायरेक्टरला कळू नये म्हणून मराठीत. "काकू, जरा भरभर."

मैदानाच्या मधोमध आल्यावर कुंदा चक्क थांबली. चौक आला की मंडळ थांबतं, त्यात विचारायचं काय. ती मागे वळून झुबेदाला म्हणाली, "स्लो, स्लो. वेव्ह द फ्लॅग. नो हरी."

झुबेदाने झेंडा फिरवला. आधी जपून, मग दोन्ही हातांनी, खांद्यातून जोर लावून. बदरुद्दीनला काय वाटलं कोण जाणे, तो एका कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायला लागला. तहांनी मान वर केली.

"काकू, मागे चारशे माणसं खोळंबलीत," कानात सुजीत म्हणाला.

"खोळंबू देत की," कुंदा पुटपुटली. पाटी तिने खाली येऊ दिली नाही.

मैदानावर दाखवायला दुसरं काही उरलंच नव्हतं. पुढची टीम पार पलीकडे जाऊन बसली होती आणि मागची बोगद्यात अडकली होती. सगळे कॅमेरे झक मारत या तिघांवर आले. मोठ्या पडद्यावर झुबेदाचा चेहरा उमटला, घामाने निथळणारा.

निवेदकाने तुआरेबद्दल होती नव्हती ती माहिती सांगून संपवली. बेट कुठे आहे, तिथे माणसं किती राहतात, काय पिकतं. कुंदा उभीच. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने नुसतं देशाचं नाव घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने.

त्याने तिसऱ्यांदा नाव घेतलं, तेव्हा कुंदाने पाऊल उचललं.