इंगोल्फचा प्रश्न

"आज आयाळ तुम्हीच कापा, बाबा," गुनवोर म्हणाली आणि तिने कात्री स्टाइनारच्या हातात दिली.

स्टाइनार चपापला. एरवी ही पोर बापाला कात्रीच्या आसपास फिरकू देत नसे. त्यात आज पैदाशीचे घोडे निवडायच्या प्रदर्शनाचा दिवस. मे महिन्याचं ऊन फियोर्डच्या अरुंद खाडीकाठी चांगलं चटकत होतं, आणि हिच्या उजव्या हातात घातलेला लोकरीचा हातमोजा. एकाच हातात.

"हाताला काय झालं?"

"कुंपणाची तार लागली."

तो कामाला लागला. कडेचे पांढरे केस आखूड, मधली काळी पट्टी बोटभर वर, आणि कानांपासून खांद्यापर्यंत एकच कमान. इथे कात्री घसरली तर चांगल्या घोड्याची मानही मोडक्या दांडीसारखी दिसते. ब्रीम मात्र गुमान उभा होता. वाळल्या गवताच्या रंगाचा, भरल्या छातीचा देखणा नर. स्टाइनारला मनातून बरं वाटत होतं. हातातलं कसब अजून गेलं नव्हतं.

मानेवरचे केस झटकायला गुनवोर पुढे झाली. ब्रीमने कान पाडले, दात दाखवले. पण तिने हात त्याच्याही आधी मागे घेतला होता. स्टाइनारने नेमकं तेच पाहिलं.

"तारेला दात होते वाटतं," तो म्हणाला.

गुनवोर खाली बघत राहिली. "चूक माझीच होती. तो खात होता आणि मी मागून गेले."

"कितव्यांदा?"

तिने कापून पडलेले केस पायाने बाजूला सारले. मग म्हणाली, "नापास झाला तर खच्ची करावा लागेल, बाबा. त्याची आईही गेली. असा घोडा पुन्हा कुठून आणू मी?"

खरंच होतं ते. आपल्या गावठी घोड्यांना ती सुरावर ठेक्यात चालण्याच्या स्पर्धांसाठी तयार करायला लागली, तेव्हा अख्खं खोरं फिदीफिदी हसलं होतं. गवताची गाडी ओढायची सोडून नाचायला निघाला म्हणे! आज दुपारी ब्रीम रिंगणात दुडकीवर आला आणि त्या सगळ्यांची तोंडं बंद झाली. पाय असे उचलत होता की जमीन त्याला तापलेली लागत असावी. गुनवोर डाव्या हातात लगाम धरून बरोबरीने पळत होती आणि तिचा चेहरा लहानपणीसारखा झाला होता. कुंपणाशी उभ्या स्टाइनारचा ऊर भरून आला. नजर मात्र तिच्या मोज्यावर होती.

तपासणी संपली आणि मुख्य परीक्षक इंगोल्फ त्यांच्याकडे आला. दात, खूर, रंग, चाल, सगळं कागदावर झालं होतं. उरला होता त्याचा प्रश्न. तो कुठल्याही नियमात नव्हता, पण पसंतीआधी तो प्रत्येकाला विचारायचाच, तोही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. या घोड्याची शिंगरं उद्या खोऱ्यातल्या घराघरांत जाणार, त्यांच्यावर पोरंच बसणार. मालक हो म्हणाला की इंगोल्फ हात मिळवायचा आणि विषय संपायचा. त्याला आजवर कुणी खोटं सांगितलं नव्हतं.

"पोर एकटं याच्या ठाणात शिरलं, तर चालेल का?"

"चालेल," गुनवोर म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

स्टाइनारला लाज वाटली. तिची वाटली की स्वतःची, त्याला कळेना. घोडा तिचा होता, पण तबेला त्याचा होता, नाव त्याचं होतं. आणि तो गप्प होता.

"मग झालं तर." इंगोल्फने हात पुढे केला.

गुनवोरने लगाम मोज्यातल्या हातावर टाकला आणि डावा हात दिला.

इंगोल्फ हसला. "हे काय गं पोरी? मे महिन्यात हातमोजा, आणि वर डावा हात?"

"डावखुरी आहे मी."

"अस्सं?" त्याने तिचा हात हातातच ठेवला आणि तिच्या खांद्यावरून स्टाइनारकडे पाहिलं. दोघे एका बाकावर बसून शिकले होते. "तुझ्या घरात डावखुरं कुणी आहे, हे मला माहीत नव्हतं रे."

लोक खुर्च्यांवरून उठायला लागले होते. कुणीतरी टाळ्याही सुरू केल्या. ब्रीम शहाण्यासारखा उभा होता, आणि सकाळी कापलेली कमान त्याच्या मानेवर उन्हात झकास दिसत होती. एकही केस चुकला नव्हता. गुनवोरने मान वळवून बापाकडे पाहिलं. काही मागायचं असलं की ती लहानपणापासून अशीच बघायची.

"मलाही माहीत नव्हतं," स्टाइनार म्हणाला.