न उकळलेलं

हणमंतरावांच्या कमरेवर गजकर्ण तिसऱ्यांदा उमटलं, तेव्हा लखनऊच्या छावणीतले डॉक्टर त्यांच्या सुनेवरच चिडले. "भाभीजी, दवा क्या करेगी? बदन को छूने वाला एक-एक कपड़ा उबालिए!"

देविकाच्या डोक्यात तिडीक गेली. चार महिने ती दुसरं करत काय होती? बनियन, लुंग्या, टॉवेल, चादरी, सगळं रोज उकळून, उन्हात वाळवून, वर इस्त्री फिरवत होती. बोटांची सालं निघाली, पण गजकर्ण काही हटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आलेले सासरे कंबर खाजवत पुन्हा सुरू झाले. "या लखनऊचं पाणीच वाईट. आणि ते अमीनाबादच्या बाजारातले स्वस्तातले टॉवेल कुणी आणले? मला अंगाला मळकं काही चालत नाही, ठाऊक आहे ना?"

बोलता बोलता त्यांनी खुंटीवरचं रेशमी सोवळं काढलं आणि पूजेसाठी ओल्या अंगावरच घट्ट गुंडाळलं. त्याची गाठ नेमकी त्या लाल चट्ट्यांवर बसली.

देविका बघतच राहिली. सोवळ्याला सुनेचा हात लागायचा नाही, म्हणून ते कपड्यांत मोजायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"बाबा, हे शेवटचं कधी धुतलंय?"

सासरे झटकन दोन पावलं मागे सरले.

"रेशमाला विटाळ नसतो, धुवायचं कशाला? माझ्या वडिलांनीसुद्धा हे कधी धुतलं नव्हतं!"