पोट ठणठणीत

दर सोमवारी म्हातारी औषधाच्या दुकानात येऊन जुलाबाच्या मिठाची पुडी न्यायची. ते मीठ पूर्वी एका गावच्या झऱ्यात सापडलं, म्हणून आजही पुडीवर त्या गावाचंच नाव छापलेलं असतं. औषध हातात देताना त्याचं नाव आणि डोस मोठ्याने वाचायचा, ही दुकानदाराची शिस्त. म्हातारी मान डोलवत ऐकायची.

आज तिला पायरी चढताना पाहूनच त्याने पुडी काढून ठेवली. "घ्या मावशी. तुम्हाला आता सगळं पाठ आहे, उगाच वाचत बसत नाही."

ती जागची हलली नाही. "वाचा ना. चष्मा विसरले."

चष्मा तिच्या नाकावरच होता.

"मावशी, पोटाचा एवढा त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवा."

"पोट ठणठणीत आहे हो. घरी पुड्यांनी डबा भरलाय." तिने पुडी त्याच्याकडे सरकवली. "माझं माहेर ते. झरा आटला, गाव उठलं. भाऊ गेल्यापासून हे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं ते इथंच."

दुकानदाराने पुडी उचलली, घसा खाकरला.

"डोस राहू द्या," ती म्हणाली. "नुसतं नाव वाचा."