फणा इकडं करा

"अंगात आलं याच्या," मनकर्णाबाई दातावर दात ठेवून म्हणाल्या. "साप बरणीत टाकाचा सोडून नवरदेवावानी मिरवून राह्यला."

सोयाबीनच्या सुडीच्या ढिगातून निघालेल्या नागाची शेपटी दीपकच्या मुठीत होती, अन् फणा त्याच्या गुडघ्याशी. गावात कुणाकडं साप निघाला की मनकर्णाबाईंच्या याच लेकाला बोलावणं यायचं. आकड्यानं उचलायचा, बरणीत टाकायचा, रानात सोडून यायचा. समोर मोबाइल यायला लागले तेव्हापासून बरणीचा नंबर शेवटी गेला.

आज तर घरचंच खळं. मळणीयंत्र बंद करून मजूर गोल करून उभे होते.

"दीपकभाऊ, फणा इकडं करा ना जरा!"

मनकर्णाबाईंची जीभ अख्ख्या जानेफळाला ठाऊक. पण आत्ता ओरडलं अन् पोरानं मान वळवली तर? त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि शेजारी उभ्या सुनेचं मनगट पकडलं. पुष्पांजली गावातल्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. मनगट थंडगार पडलं होतं.

"याले इंग्रजीत काय म्हणते वो? काही तं बोल."

"तोंडानं मोठेपणा सांगितला तं बोस्ट." सुनेची नजर नागावरून हलेना. "आपल्याजवळची वस्तू लोकाइले मुद्दाम दाखवली तं फ्लॉन्ट."

"अन् हे?"

"हे शो ऑफ, आत्याबाई. पाहणारे असले तरच होते."

नाग फुसकारला आणि झेपावला. गोल एकदम फुटला. दीपक मागच्या मागे धडपडला. पँटच्या कापडात क्षणभर अडकलेले दात निसटले. सुनेच्या बांगड्या आपल्या तळव्यात रुतल्यात, हे मनकर्णाबाईंना मग कळलं.

नाग बरणीत गेला. झाकण लावताना दीपकच्या बोटांना आटे सापडेनात. तोंडावर मात्र हसू.

"पाह्यलं का, माय?" म्हणाला, आणि मायच्या खांद्यावरून पलीकडं ओरडला, "आला का रे व्हिडिओत?"

मनकर्णाबाईंनी त्याच्या हातातली बरणी ओढून घेतली. झाकण स्वतः घट्ट फिरवलं. आवाज काही चढवला नाही.

"तुह्या बायकोजवळ याले लय शब्द हायेत. मले एकच येते. तू भेकड हाय, दीपक. सापाचं काय घेऊन बसला? हे माणसं घरी जातीन, याचंच भेव हाय तुले."