गार हात

“बाबा, किती गार हात तुमचे! आधी चोळा ना!” पोट दुखलं की डॉक्टरांची लेक लहानपणी अशी किंचाळायची. पुढे ती अपघातात गेली. आवाज तेवढा घरभर राहिला. किडनीरोपण शिकवताना डॉक्टर पहिला धडा तोच देत: पेशंटला हात लावण्याआधी तळवे चोळा.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्गाला त्यांची जुनी पेशंट, शिवणकाम करणारी मावशी, हौसेनं आली. “शिकवायला माझंच पोट बरं सापडतं तुम्हाला!” म्हणत पलंगावर आडवी झाली.

“बसवलेली किडनी इथे असते, पुढे, कातडीच्या अगदी जवळ,” म्हणत डॉक्टरांनी तिच्या ओटीपोटाकडे हात नेला. आज तळवे चोळायचे राहिलेच.

हात अजून टेकलाही नव्हता, तोच मावशी कोवळ्या आवाजात किंचाळली, “बाबा, किती गार हात तुमचे! आधी चोळा ना!”

मुलं खो खो हसली. मावशी ओशाळली. “अगं बाई! सर, हे माझ्या तोंडून कसं आलं?”

डॉक्टर तळवे चोळत राहिले, ऊब आली तरी चोळतच राहिले. मग अलगद हात ठेवून म्हणाले, “ही किडनी कुणाची, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, मावशी. माझ्या लेकीची.”