शेवटचं रीळ

पटकथेत लिहिलं होतं: परग्रहावरचा पाहुणा यानातून उतरतो. गावकरी मागे सरकतात.

मुकुंद उतरला. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या त्या कुरणात गावकरी म्हणून युनिटचे नातेवाईकच उभे केले होते. तेवढे फुकट मिळत. त्यांत त्याची बायको नलू होती, साडीवर कुणाचा तरी ओव्हरकोट चढवून. मुकुंदच्या डोक्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा काचेचा गोल होता, मानेभोवती चिकटपट्टी गुंडाळून घट्ट केलेला. "शेवटचं रीळ आहे," दिग्दर्शकाने बजावलं होतं. "मी कट म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही."

पटकथेत लिहिलं होतं: पाहुणा हात उंचावतो.

मुकुंदने हात गुडघ्यांवर टेकले. त्याचे खांदे वर-खाली होऊ लागले.

"काय काम करतोय हा," दिग्दर्शक पुटपुटला.

नलूला ते खांदे ठाऊक होते. दम्याचा पंप तिच्या पर्समध्ये होता. पण सकाळीच तो म्हणाला होता, "काहीही झालं तरी मध्ये येऊ नकोस. इतक्या वर्षांनी रोल मिळालाय." काच आतून पांढरी झाली. तो गवतावर कोसळला.

यापुढचं पटकथेत नव्हतं. नलू धावली. तिने चिकटपट्टी दातांनी तोडली, गोल उपसून काढला आणि पंप त्याच्या तोंडात धरला. "अहो, ओढा. ओढा ना." ती रडत होती.

अखेर त्याची छाती भरली. त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. कट कुणीच म्हणालं नव्हतं.

"मागे वळू नकोस," तो कुजबुजला. "कॅमेरा चालू आहे."