अजून कुणी विचारतंय

"आज बंद करायचा ना?" सिन्नोवेने विचारलं.

"अजून कुणीतरी विचारतंय," ओद्वार पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

यंत्राचं नाव विचारलं की त्याचा नेटवर्कवरचा पत्ता सांगणारा हा सर्व्हर ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात ओद्वारने उभा केला, तेव्हा सिन्नोवे शाळेतही जात नव्हती. आता नवा सर्व्हर नव्या पत्त्यावर सुरू झाला होता. जुन्याला कुणी विचारेनासं होईपर्यंत दोन्ही चालू ठेवायचे, ही रीत ओद्वारनेच तिला शिकवलेली. कुणाचं काही अडलं नव्हतं. विचारणारे घटत घटत एकच उरला होता. तो रोज सकाळी एकच नाव विचारायचा, लाक्स.

"यंत्रांना आम्ही माशांची नावं द्यायचो," ओद्वार हसला. "काय दिवस होते! गुद्रुन त्या टेबलाशी बसायची. लाक्स तिचंच यंत्र. बिघडलं नसलं तरी मला हाक मारायची. लग्नच करावं लागलं शेवटी."

"लाक्स भंगारात जाऊनही जमाना झाला, ओद्वार."

"तरी कुणाला तरी आठवण आहे बघ."

सिन्नोवेला गलबलून आलं आणि रागही आला. शुक्रवारी तळघरातली ही खोली रिकामी करून द्यायची होती. ओद्वार निवृत्तीनंतरही थांबला होता तो या कामापुरताच. सर्व्हर बंद झाला की त्याचं येणंही संपणार. आणि विचारणाऱ्याचा पत्ता तिने कालच शोधून काढला होता. तो ओद्वारच्या घरचा होता. म्हातारा स्वतःच प्रश्न पाठवून दिवस ढकलतोय! तेही मला शेंडी लावून!

"पुरे झालं आता," ती म्हणाली. "तू घरून..."

तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली. लाक्स.

"आला बघ, आला!" ओद्वारच्या दोन्ही हातांत कॉफीचा कप होता. लहान मुलासारखा खुलला होता तो. "या आनंदात वाफल हवीच. ब्राऊन चीज घालून आणतो तुझ्यासाठी."

तो जिना चढून गेला. सिन्नोवेचं तोंड एवढंसं झालं होतं. हा तर इथे, मग त्याच्या घरून आत्ता कोण विचारतंय? तिने त्याच्या घरी फोन लावला.

"गुद्रुन, लाक्सचं नाव रोज तू विचारतेस?"



"त्याला सांगू नकोस हं, पोरी," गुद्रुन म्हणाली. "अजून कुणीतरी विचारतंय, म्हणून तर तो सकाळी उठून दाढी करतो."